परतीच्या बसमधल्या ताई

चाकणच्या कंपनीत पहिली शिफ्ट सुटली की परतीच्या बसमध्ये सगळ्या बायका माना टाकून झोपायच्या. माझ्यासोबत काम करणाऱ्या, वयानं मोठ्या ताई मात्र माझ्या शेजारी बसून सरकारी भरतीचं पुस्तक उघडायच्या आणि मोशी येईपर्यंत माझ्याकडून संख्यामालिका सोडवून घ्यायच्या. मी चुकले की म्हणायच्या, "घाई करू नको गं. आधी फरक काढ."

यंदा आम्ही दोघींनी परीक्षा दिली. वयाच्या अटीमुळे ताईंची ती शेवटचीच होती. पूर्व परीक्षेच्या यादीत माझं नाव आलं, त्यांचं आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला त्यांच्या शेजारी बसवेना, म्हणून मी मागच्या सीटवर गेले. चालत्या बसमध्ये दांड्या धरत ताई मागे आल्या. डोळे सुजलेले होते.

"इकडे का बसलीस? मुख्य परीक्षा कोण देणार?"

"ताई, आज नको."

"सरक तिकडे." त्यांनी पुस्तक उघडलं. "दोन, सहा, बारा, वीस. पुढे?"

मी बोटांवर फरक काढले.

"तीस," मी म्हणाले.

"बरोबर," म्हणत त्यांनी पान उलटलं, पण पुढचं गणित त्यांना लवकर वाचता येईना.