मल्लम्मा काकूंच्या रिंगा

मुरुडात आमच्या गल्लीत फोन वाजला की तो उचलायचा नसतो, मोजायचा असतो. हे मला पाढे पाठ व्हायच्या आधीपासून माहीत आहे. फोन आमच्या शेजारच्या मल्लम्मा काकूंचा. त्यांचे मालक संगप्पा उस्तुरगे यांचं किराणा दुकान होतं, आणि तारेचा फोन गल्लीत पहिल्यांदा त्यांच्याकडे आला. फोन घेतला त्याच दिवशी संगप्पांनी नियम घातला, की वाजता फोन कोणी उचलायचा नाही, उचलला की पैसे पडतात.

एक रिंग वाजून बंद झाली, तर समोरचा बरा आहे. दोन वाजल्या, तर एसटीत बसला, निघाला. तीन आणि तिनाच्या वर जेवढ्या वाजतील तेवढी माणसं जेवायला येणार. एकट्यादुकट्या पाव्हण्यासाठी फोन खर्ची घालायची गरज नाही, तो असाच मावतो, असं संगप्पांचं म्हणणं. आणि फोन वाजून बंद झाला, लगेच पुन्हा वाजायला लागला, तर मात्र धावत जाऊन उचलायचा. तशी वेळ कोणावर येऊ नये.

काकूंवर ती आली. संगप्पा माल आणायला लातूरला गेले होते, बाजारातच छातीत कळ आली. इकडे फोन वाजला, थांबला, परत वाजला. काकूंनी उचलला. त्यानंतर वाजत्या फोनला त्यांनी कधी हात लावला नाही. स्वतः रिंगा द्यायला मात्र त्या बिनधास्त नंबर फिरवायच्या, मोजून ठेवून द्यायच्या.

दुकान बंद झालं. काकू आता कडक भाकरी करतात. कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी, वाळवून कुरकुरीत केलेली, सोबत शेंगदाण्याची चटणी. लातूरला क्लासला राहणारी पोरं डबे भरून नेतात. मी लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, रोज एसटीनं जाऊन येऊन असतो, त्यामुळे निम्म्या भाकरी माझ्याच पिशवीतून जातात. पोरं मला सर म्हणतात ते फिजिक्समुळे की भाकरीमुळे, हे मी कधी विचारलेलं नाही.

काकूंचा दिवस पहाटे सुरू होतो. आंघोळ, मग तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, मग भस्म लावून चहा. चहाचं पाणी उकळत असताना फोन एकदा वाजतो आणि बंद होतो. ती लोह्याहून कस्तुराबाईंची रिंग. कस्तुराबाई म्हणजे काकूंची थोरली बहीण, काकूंची आक्का. काकू गॅस बारीक करून उठतात, लोह्याचा नंबर फिरवतात, एक रिंग देतात. दोघी बऱ्या आहेत. आता चहा प्यायला हरकत नाही.

भेट वर्षातून एखाद्या लग्नातच. बाकी सगळं बहीणपण या एका रिंगेवर चाललेलं.

हे सगळं मोडायला निघाला काकूंचा मुलगा सोमेश. सोमेशदादा लातूरला डाळ मिलमध्ये हिशेब बघतो, आणि फोनचं बिलही तोच भरतो. एका रविवारी तो बिल हातात नाचवतच घरात शिरला.

"अव्वा, हे बघ. भाडं. भाड्यावर कर. आणि बोलणं किती? शून्य! आपण कंपनीला पैसे कशाचे देऊन राहिलो?"

"रिंगांचे," काकू म्हणाल्या.

"रिंगा फुकट असतात."

"मग बिल कशाचं येतंय?"

सोमेशदादानं माझ्याकडं पाहिलं. मी चटणीकडं पाहिलं.

"मी तुला मोबाइल दिला होता, त्याचं काय केलंस?"

मोबाइलचं काय झालं ते गल्लीला ठाऊक होतं. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, विमा काढा म्हणून दिवसभर तो वाजायचा. पहिल्या दिवशी काकूंनी सगळ्या रिंगा मोजून बघितल्या आणि आमच्या आईला येऊन म्हणाल्या, "तारामती, माझ्याकडं वरात येऊन राहिली का गं?" दुसऱ्या दिवशी मोबाइल ज्वारीच्या कोठीत गेला.

"फजूल खर्च आहे हा," सोमेशदादा म्हणाला. "मी फोन काढून टाकायचा अर्ज देतो."

"मग आक्काची रिंग कुठं वाजंल?"

मीच मधे पडलो. म्हटलं, दादा, जुना महागडा प्लॅन अजून संगप्पाकाकांच्या नावावर चालू आहे. कंपनीचा एक स्वस्त प्लॅन आहे, भाडं निम्म्यावर येतं, वर बोलणं कितीही फुकट. फोन काकूंच्या नावावर करू आणि प्लॅन बदलू. सोमेशदादानं मान हलवली, पण अट घातली. "पुढच्या बिलाच्या आत झालं तर ठेवू. न्हाई तर तार कापली समज."

अर्ज दिला. कंपनीनं सांगितलं की खात्रीसाठी घरच्या याच फोनवर आमचा फोन येईल, बाईंनी स्वतः हो म्हणायचं, की झालं. तीनदा प्रयत्न करू. उचलला नाही, तर अर्ज रद्द.

इतकी साधी अट ऐकून मी निश्चिंत झालो. इतकी वर्षं या गल्लीत राहून.

दोन दिवसांनी लातूरहून परत आलो तर काकू दारातच उभ्या.

"शिवम, हात धू आन बस जेवायला. नऊ माणसं येणार होती, एकबी फिरकलं न्हाई."

आत आंबट वरण, धपाटे, वांग्याची भाजी, भाताचं पातेलं. मी बसलो. वाटेवरच्या दोघांना बोलावलं, तेही बसले. लोक येतो म्हणून कळवून येत नाहीत म्हणजे काय, यावर आम्ही त्या न आलेल्या माणसांना पोटभर नावं ठेवली. जेवता जेवताच सोमेशदादाचा फोन आला. "अरे, कंपनीचा मेसेज आलाय. फोन केला होता, कोणी उचलला नाही म्हणून."

माझ्या डोक्यात उजेड पडायला आणखी एक धपाटा जावा लागला.

"काकू, त्या नऊ रिंगा कंपनीच्या होत्या."

"कंपनीची नऊ माणसं?"

"एकच पोरगी असंल. फोन उचलायचा होता."

"मग तिनं तशी रिंग का न्हाई दिली?"

"काकू, तिला आपला नियम कुठं माहीत? आणि येणारा फोन उचलायला पैसे पडत नाहीत."

"ते तुला काय ठावं? तुझ्याहून फोन थोरला हाय."

आता सोमेशदादानं आणि मी डोकं लावलं. काकूंना नियम सुटत नाही ना, मग नियमानंच जाऊ. त्यानं कंपनीला कळवलं की पहिल्यांदा उचलला नाही तर ठेवा आणि लगेच परत लावा. परत वाजला की काकू उचलतातच. दोन शिकलेल्या माणसांनी मिळून काढलेली ही तोड होती. काकूंना आधी सांगायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही.

फोन आला तेव्हा मी घरीच होतो. भिंतीपलीकडं वाजला, थांबला. आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

काकू अनवाणी पळत आमच्या अंगणात आल्या. हाताला पीठ तसंच. "तारामती, आक्का गेली गं," म्हणाल्या आणि तुळशीकट्ट्याजवळ मटकन बसल्या. तिकडं फोन वाजून वाजून गप्प झाला.

आईनं लोह्याला कस्तुराबाईंच्या सुनेला मोबाइल लावला. सून म्हणाली, सासूबाई उन्हात बसून शेंगा फोडून राहिल्यात, देऊ का? आईनं फोन काकूंच्या कानाला लावला. पलीकडून आवाज आला, "मल्ली? काय गं? कोण गेलं?"

काकूंनी फोन परत आईच्या हातात दिला. आईनंच "सगळे बरे हायत" म्हणून सांगितलं.

मग काकूंना कळलं की फोन कोणी आणि का परत लावायला सांगितला होता. त्या मला ओरडल्या नाहीत. पदरानं पीठ पुसत एवढंच म्हणाल्या, "मरणाची रिंग पैसे वाचवाया वापरली व्हय रे?"

संध्याकाळी सोमेशदादा आला, तो दारापासूनच मान खाली घालून. काकू म्हणाल्या, "काढून टाक फोन. न्हाई पायजे मला."

सकाळी मी बसस्टँडला निघालो होतो. काकूंच्या खिडकीतून चहाचा वास येत होता. फोन एकदा वाजला, बंद झाला. मी थांबलो. आता उलटी रिंग जाते की नाही? बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. माझी एसटी गेली. मग आतून नंबर फिरवल्याचा आवाज आला, आणि मागोमाग काकूंचा.

"शिवम, तिथं का उभा हायस चोरावानी? आत ये."

आत गेलो. काकूंनी कपात चहा ओतला.

"अजून एक बारी हाय ना त्या कंपनीची?"

"हाय."

"मी उचलते. पर तिला सांग, एकदाच वाजीव म्हणावं. परत नगं."

मी कंपनीला तसं कळवलं. ठरल्या दिवशी क्लासला सुट्टी टाकली. सोमेशदादाही आला. काकूंनी पूजा केली, भस्म लावलं, लुगडंसुद्धा बदललं. फोनशेजारी स्टूल ठेवून बसल्या. आम्ही दोघं उंबऱ्यावर, शाळेतल्या तोंडी परीक्षेला बसावं तसे.

फोन वाजला. काकूंचे ओठ हलायला लागले. एक. दोन. तीन.

"अव्वा, मोजू नको, उचल!"

"गप बस. हात पुढं यायला टाइम लागतो."

सहाव्या रिंगेला त्यांनी डोळे मिटले आणि रिसिव्हर उचलून कानाला लावला. "शरणार्थ," म्हणाल्या. आमच्याकडं हॅलोच्या जागी हेच चालतं. पलीकडची पोरगी क्षणभर गोंधळली असावी, कारण काकूंनी तिला ते समजावून सांगितलं. आवाज मोठा होता, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, आपण मल्लम्मा संगप्पा उस्तुरगे बोलताय का?"

"हाव. मीच."

"आपल्याला प्लॅन बदलायचा आहे?"

"हाव. पर आधी सांग बाई, हे उचलल्याचं मला किती पडलं?"

"काहीच नाही मॅडम. येणारा फोन फुकट असतो."

"कवापासून?"

"पहिल्यापासूनच, मॅडम."

काकूंनी रिसिव्हर कानापासून लांब धरून बघितला. पोरगी "हॅलो, हॅलो" करत राहिली. सोमेशदादा उठायला लागला तसा काकूंनी त्याला हातानं बसवलं. मग पोरीला विचारलं, तुझं गाव कोणतं, जेवलीस का, घरी फोन करतीस का. पोरीनं सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाली, "मॅडम, प्लॅन बदलला. आता कुठंही कितीही बोला."

रिसिव्हर ठेवल्या ठेवल्या काकूंनी परत उचलला आणि लोह्याचा नंबर फिरवला. कस्तुराबाईंकडं सुनेनं दिलेला बटणांचा मोबाइल आहे. त्याचा आवाज त्यांनी मुद्दाम जुन्या फोनसारखा ट्रिंग ट्रिंग ठेवून घेतलेला. तो वाजत राहिला. कोणी उचलेना. वाजून वाजून बंद झाला.

काकूंनी रिसिव्हर हातात धरून आमच्याकडं पाहिलं. तिघांच्याही डोक्यात एकदमच आलं.

"अव्वा," सोमेशदादा म्हणाला, "मावशीनं रिंगा मोजल्या."

"किती वाजल्या रे?"

"अकरा तरी असतील," मी म्हणालो.

"परत लाव की मग," सोमेशदादा म्हणाला, आणि म्हणता म्हणता स्वतःच जीभ चावली.

"परत न्हाई लावायचा," काकू म्हणाल्या. "माझं झालं ते तिचं करू का?"

"सुनेला लावू," मी म्हणालो. "माझ्या मोबाइलवरून."

पण काकू उठल्या होत्या. खुंटीवरची पिशवी काढली, तिच्यात कडक भाकरींचा एक गठ्ठा घातला. "हे तोंडानं सांगायचं हाय, आन समोर बसून सांगायचं हाय. आता बायांना एसटीचं तिकीट अर्धंच पडतंय." निघताना त्यांनी सवयीनं लोह्याला दोन रिंगा दिल्या. निघाले म्हणून.

म्हणजे तिकडं कस्तुराबाईंना कळलं की अकरा माणसं एसटीत बसली.

फोन फुकट झाला हे सांगायला काकू तिकीट काढून, लातूरला गाडी बदलून, अहमदपूरवरून लोह्याला गेल्या. दारात कस्तुराबाई पदर खोचून उभ्या होत्या. मागं चुलीवर अकरा जणांचं वरण. "बाकीचे कुठं हायत?" त्यांनी विचारलं. काकू सांगतात, त्या जागी दोघी इतक्या हसल्या की सून घाबरून बाहेर आली.

काकू दोन दिवसांनी आल्या, त्या उरलेल्या धपाट्यांचं गाठोडं घेऊनच. मी म्हणालो, "बघा काकू, इतकी वर्षं फुकटचा फोन उचलला नाही. काकांनी फसवलं तुम्हाला."

"न्हाई रे. आक्कानं सांगितलं. उचलला की पैसे माझे न्हाई, तिचे जायचे. तवा तिच्याकडं कुठले आले पैसे? फोन कराया ती पेठेतल्या रुपया टाकायच्या डब्यावर जायची. ह्यांनी तिला म्हणलं, तू नुसती वाजीव, आमी समजून घेतो. मला खरं सांगितलं असतं तर मी गप उचलून बोलले असते ना. म्हणून नियम घातला." काकूंनी गाठोडं सोडलं. "लबाड माणूस," म्हणाल्या, आणि सगळ्यात मऊ धपाटा मला दिला.

परवा सोमेशदादाचा मला फोन. "शिवम, जरा आमच्याकडं जाऊन बघ बाबा. अव्वाचा फोन तासभर झाला एंगेज लागतोय. काही झालं तर न्हाई ना?"

मी गेलो. काकू स्टुलावर मांडी घालून बसलेल्या, रिसिव्हर खांदा आणि कानाच्या मधे, हातात निवडायची ज्वारी. "तसं न्हाई आक्का, आधी लसूण ठेचायचा," असं चाललेलं. मी दारातून खुणेनंच विचारलं, सगळं बरं हाय ना?

काकूंनी बोलणं न थांबवता ज्वारीतलं एक बोट वर केलं.

मी सोमेशदादाला कळवलं, "एक रिंग."