सात नंबरच्या घरट्यातली अकरा अंडी

कोणाची कोंबडी खुडूक झाली की गावात पहिलं बोलावणं भिवराबाईला. शिरूर कासारच्या पुढं दोन कोसांवरचं हे गाव. इथं डॉक्टर यायला दुपार होईल, पण भिवराबाई पदर खोचून लगेच हजर. ती एकेक अंडं उन्हाकडं धरते, मुठीच्या नळीतून आत बघते आणि "हे ठेव, हे पोरास्नी खाऊ घाल" असा निकाल देते. मग पाटीत भुसा पसरते, अंडी मांडते आणि प्रत्येक अंड्यावर कोळशानं एक ठिपका काढते. कडेची अंडी कोंबडीच्या पोटाखाली नीट येत नाहीत, ती रोज हातानं उलटावी लागतात. आज सगळे ठिपके खाली, उद्या सगळे वर; एखादा वेगळा दिसला की ते अंडं उलटायचं राहिलं. बारा अंड्यांची बारा पिल्लं निघाली नाहीत तर बाई आठवडाभर त्या घराच्या वाटेनं जात नाही. इतका तोरा, पण गाव तो चालवून घेतं, कारण हाताला गुण आहे हे खरंच.

एकोणीस हंगाम तिनं नवऱ्याबरोबर, भागवतबरोबर, ऊस तोडला. दसरा झाला की बैलगाडीवर संसार चढायचा आणि मागं पाटीखाली एखादी कोंबडीही. कोंबडी जायची, रोहिणी मात्र मागं राहायची. पोरीची शाळा बुडू नये म्हणून पहिलीपासून ती आजीजवळ. निघताना भिवराबाई चुलीतला कोळसा बोटावर घासायची, पोरीच्या कानामागं ठिपका लावायची आणि मागं वळून न बघता गाडीत चढायची. वळली असती तर उतरली असती, हे तिनं कधी कोणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

त्या पोरीनं बीडला कॉलेज केलं आणि लागली कुठं, तर समुद्राच्या नोकरीला! ज्या गावात होळीनंतर टँकरची वाट बघतात, तिथली ही पोरगी कोकणातल्या किनाऱ्यावर कासवांची अंडी राखणाऱ्या संस्थेत.

"समुद्राला राखण काहून लागते गं? त्याला कोण उचलून नेतंय?" शेजारच्या साखराबाईनं विचारलं होतं.

रोहिणीनं समजावलं. अंडी कुत्री उकरतात, माणसंही नेतात. म्हणून ती काढून कुंपणात, तशाच खड्ड्यात पुरायची आणि पिल्लं निघाली की पाण्याकडं सोडायची. श्रीलंकेत, मेक्सिकोत, ऑस्ट्रेलियातही असं करणारे लोक आहेत. कोणाकडं किती घरटी, किती पिल्लं, हे ते एकमेकांना कळवतात.

"म्हंजी लई मोठं खुराडं म्हणायचं," साखराबाई म्हणाली आणि तिच्यापुरता विषय मिटला.

यंदा भिवराबाईचा गुडघा गेला. ऊसतोडीच्या मुकादमाला जोडी लागते. नवरा-बायको मिळून एक कोयता, अर्ध्या कोयत्याला कोण विचारतो? भागवतनं आपली विधवा बहीण छबुबाई हिला बरोबर घेतलं आणि गाडी जुंपली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा भिवराबाई ओट्यावर उभी राहिली आणि गाव रिकामं होताना बघत राहिली. थंडी पडली तशी रोहिणी आली आणि आईला महिनाभरासाठी कोकणात घेऊन गेली.

समुद्र बघून बाई पदर खोचून लाटेपाशी गेली. मग बोटं बुडवून चाखली आणि थुंकली. "एवढं पाणी आन् एक घोट कामाचा न्हाई!" बीडच्या माणसानं दुसरं काय म्हणावं?

एका सकाळी वाळूवर ताजं घरटं सापडलं. कासवीण पहाटे अंडी घालून गेली होती, तिच्या चालीचे पट्टे पाण्यापर्यंत गेलेले दिसत होते.

"ह्यांची आय कुठं हाय?" भिवराबाईनं विचारलं.

"गेली."

"अंडी टाकून? परत येत न्हाई?"

"तिला वाळूवर राहता येत न्हाई, आय. जावंच लागतं."

पोरगी सहज बोलून गेली. आईनं मात्र मान खाली घातली आणि कुंपणापर्यंत वर केली नाही.

वहीत सात नंबर पडलेलं ते घरटं रोहिणीनं पहिल्यांदाच एकटीच्या जबाबदारीवर हलवलं होतं. एकशे चार अंडी तिनं मोजून खड्ड्यात ठेवली, तेवढ्यात किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाहून हाक आली. आणखी एक घरटं सापडलं होतं. "आय, वरून वाळू लोट. बाकी कशाला हात लावू नकोस," असं सांगून ती पळाली.

कशाला हात लावू नकोस, हे भिवराबाईला सांगायचं! समोर अंडी, ऊब द्यायला कोणी नाही, उलटायला कोणी नाही. तिच्या हाताला राहवेना. चहाच्या विझल्या चुलीतला कोळसा तिनं उचलला, वरची अकरा अंडी काढली, एकेकावर ठिपका काढला, खालची बाजू वर केली आणि मग वाळू लोटली. वर थापटी मारली, जशी निजल्या लेकराला मारतात.

ती गावी परतली आणि पंधरा दिवसांनी मोबाइलवर पोरीचा एक व्हिडिओ आला. रोहिणी शाळेतल्या मुलांना सांगत होती, "कासवाचं अंडं कधी उलटायचं नाही. आतलं पिल्लू वरच्या बाजूला चिकटून वाढतं. उलटलं तर ते दगावतं."

भिवराबाईनं तो व्हिडिओ चार वेळा लावला. पाचव्यांदा लावायचं धाडस झालं नाही.

चार दिवस ती ही गोष्ट मनात घेऊन फिरली. साखराबाईला सांगितलं तर ती म्हणाली, "गप बस. कोणाला कळतंय? पोरीची नोकरी जाईल आन् तुझं नाव खराब व्हईल." सल्ला काही वाईट नव्हता. पण रोहिणी आकडे जगभर कळवते, आणि त्या आकड्यांत आपण खोट ठेवून आलो, हे बाईला खुपत होतं. कोंबडीच्या पिल्लांचा हिशेबही जिनं कधी खोटा सांगितला नाही, ती समुद्राचा कसा सांगणार? पाचव्या दिवशी तिनं फोन लावला आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

पलीकडं वहीची पानं चाळल्याचा आवाज आला.

"किती?" रोहिणीनं विचारलं.

"अकरा."

"मी गेल्यावर लगेच?"

"तुझी पाठ वळली तवाच."

"बरं. संस्थेच्या सरास्नी सांगावं लागंल," एवढंच बोलून पोरीनं फोन ठेवला. नंतर तीन-साडेतीन आठवडे तिचा फोन आला तो फक्त जेवलीस का विचारायला. घरट्याचं ती काढीना, आईला विचारायचं धाडस होईना. इकडं भिवराबाईनं साखराबाईची कोंबडी बसवली, तिची दहाच्या दहा पिल्लं निघाली, पण ती बघून बाई हसली नाही.

अंडी पुरल्यापासून चौपन्नाव्या दिवशी सकाळीच व्हिडिओ कॉल आला. पिल्लं आदल्या दिवशीच पाण्याकडं गेली होती. रोहिणी आता घरटं उकरून टरफलं मोजत होती. फळीवर तिनं अकरा वेगळी मांडली होती. कोळशाचा ठिपका पुसट झाला होता, पण होता.

"सात फुटली, आय. चार न्हाई."

"ती चार दाव."

रोहिणीनं फोन खाली नेला. भिवराबाईनं ती चार अंडी एकेक करून नीट बघितली.

"माझ्यामुळं?"

"सांगता येत न्हाई. न उलटताबी काही ऱ्हातातच. घातल्या घातल्या उलटलीस म्हणून सात तरी वाचली, असं सर म्हणतात. घरट्याच्या वहीत मी लिहिलंय. अकरा अंडी उलटली, आईनं."

"आन् नोकरी?"

"हाय की! सर म्हणले, असं आपणहून सांगणारं माणूस मिळत न्हाई." मग पोरीनं ठिपक्याचं एक टरफल फोनसमोर धरलं. "पण मला एक सांग. ठिपका काहून काढलास?"

"कोणतं उलटलं ती खूण ऱ्हाती म्हणून. मी कोंबडीला न्हाई का काढत?"

"कोंबडीचं तू रोज उलटतीस. इथं तर वरून वाळू लोटायची होती. परत कोण बघणार होतं?"

भिवराबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मला वाटलंच," रोहिणी म्हणाली. "तुमी उसाला निघताना तू माझ्या कानामागं लावायचीस, तसाच हाय. तो कान मी धुवायची न्हाई, आय. आजी मारायची, तरी न्हाई. दिवाळीपतुर टिकवायची."

भिवराबाईनं फोन छातीशी दाबला, म्हणून पलीकडं नुसता अंधार दिसत असणार. डोळे पुसून तिनं तो पुन्हा तोंडासमोर धरला.

"कानामागं घाण ठिवतेत व्हय, येडे?" ती दरडावून म्हणाली, आणि ढसाढसा रडली.