अबोला फक्त मराठीत

मी जिभेची तिखट, हे मला कोणी सांगायला नको. त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर बोलून गेले, "इसके हाथ में सफाई नहीं है." 'इसके' म्हणजे माझ्या धाकट्या जावेच्या. इकडे हिंदी मुलखात, बडा फुहारा चौकामागच्या गल्लीत आमचं दोघींचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तिने सुई खाली ठेवली अन् माझ्याशी बोलणंच टाकलं.

मग मीही ताठले. मोठी मी, मी काहून आधी बोलू?

गढ्याच्या घरून दुकानात एकाच स्कूटरवर यायचो, पण चकार शब्द नाही. दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवसापासून डोकं भणभणायला लागलं, बाप्पा! तिने कात्री ठेवली की वाटे, मलाच आपटून दाखवली. ती खोकली तरी टोमणा वाटे. मी तर मशीनशीच बोलायला लागले, "चाल ना वं, अडकून काहून राहिली?"

पण गंमत म्हणजे गिऱ्हाईक आलं की अबोला पाळता येत नसे. धंदा सगळा हिंदीत! "दीदी, इनका ब्लाउज हो गया क्या?" ती विचारी. "हाँ जी, अभी देती हूँ," मी म्हणे. काय तो गोडवा! गिऱ्हाईक पायरी उतरलं की दोघींच्या तोंडाला कुलूप. मी गिऱ्हाइकाची चातकासारखी वाट पाहायला लागले, अन् ती काही धंद्यासाठी नव्हे.

अकराव्या दिवशी एका बाईने तिला विचारलं, पुढच्या हफ्त्यात लग्नाचा ब्लाउज टाकू का? ती म्हणाली, "दीदी से पूछिए. मैं कल से नहीं आऊँगी."

बाई निघाली. ती गेली की पुन्हा कुलूप! मी धावत जाऊन बाईचा हातच धरला. "बैठिए ना, दो मिनट!" बाई भांबावून बसली, अन् मी तिच्याकडे बघत भडाभडा सुटले, "गलती मेरी थी. सब इसी के हाथ का काम माँगते हैं, मैंने जलन में बोला. ये नहीं होगी तो मेरा मन कैसे लगेगा?"

"मुझे क्यों बता रही हैं?" बाई म्हणाली.

"तेच म्हणते मी," जाऊ मान वर न करता म्हणाली. "मला सांगा ना, ताई. मराठीत."

हिंदीत धडाधड पळणारी जीभ मराठीत अडलीच. कसंबसं निघालं, "चुकलं वं माझं. नको जाऊस."

तिने पदराने डोळे पुसले अन् बाईकडे वळली. "ले आइए अगले हफ्ते. मैं ही सिलूँगी."