आठ पेले आणि तीन पायऱ्या

मे महिन्यातला दुसरा रविवार, श्रीवर्धन. घरात आई, भावजय आणि मी. आठवड्यात आईला दुसऱ्यांदा चक्कर आली होती. पोटात पाणी कमी जातंय, लघवीची जळजळही त्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले. मी लगेच फ्रिजवर तक्ता लावला. दिवसाला आठ पेले, प्यायला की खूण.

संध्याकाळी आठही खुणा झाल्या, तरी तिचे ओठ कोरडेच. मला स्वस्थ बसवेना. मागच्या अंगणात गेले, तर सगळ्या कुंड्या सुकलेल्या आणि अबोली तेवढी टवटवीत.

"आई, आठ पेले कोण प्यायलं?"

"तिलाही तहान लागतेच की."

भावजय म्हणाली, "वन्सं, आठ पेल्यांच्या खेपा किती, ते तक्त्यात कुठंय?"

आमचा संडास वाडीच्या टोकाला, तीन गुळगुळीत पायऱ्या चढून. गेल्या पावसाळ्यात आई तिथेच घसरली होती. तेव्हापासून ती घोट मोजून घेते.

मी तक्ता उलटा करून लिहिलं: पायऱ्यांना लोखंडी कठडा. वेल्डर 'उद्या येतो' म्हणाला, त्याला बारा दिवस झाले. तोवर प्रत्येक खेपेला मी हात धरते. सोमवारी मला परत कामावर जायचंय, आणि कठड्यापुढची खुणेची जागा अजून कोरी आहे.