औषधाचा डबा

"डबा खाली धर. अजून खाली."

पाटलीनबाई बांधावर उभी. मी खाली सरीत, दोन्ही हातांत डबा धरून. ती वरून कळशीतलं पाणी ओतायची. धार मुद्दाम लांब ठेवायची, कळशीला आमचा डबा लागू नये म्हणून. थोडं पाणी डब्यात पडायचं, थोडं माझ्या मनगटावर, बाकी मातीत.

डबा फवारणीच्या औषधाचा होता. पांढरा, प्लास्टिकचा, कान असलेला. वरचा कागद निघून गेला होता, पण जहराची खूण असलेल्या लाल चौकटीचा एक तुकडा अजून चिकटून होता. बाकीच्या मजुरांना पितळी गडू. आम्हाला, म्हणजे बौद्धपुऱ्यातून येणाऱ्यांना, हा डबा. काम सुटलं की धुऊन निंबाच्या फांदीला टांगायचा.

लग्न होऊन या गावात नवीन आले तेव्हा मी विचारलं होतं, "बाई, याच्यात जहर होतं न?"

"जहर कायचं वं? औषध होतं. औषधानं कोनी मरते काय?"

सगळं शेत हसलं. लाजून मीही हसले आणि डबा तोंडाला लावला. पाण्याला उग्र वास होता. काही महिन्यांनी तो वास मला यायचा बंद झाला. वास गेला नव्हता, माझं नाकच मेलं होतं. आज त्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त भीती वाटते.

आमच्याकडे जहराला औषधच म्हणतात. दुकानदार म्हणतो, पाटील म्हणतो, आम्हीही म्हणतो. कपाशीला औषध मारलं. पंपात औषध भरलं. आणि कोणी जीव दिला, तर त्यानं औषध घेतलं. विहारात दरवर्षी पाण्याच्या सत्याग्रहाची गोष्ट सांगतात. मी पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन तोच डबा खाली धरायची.

आमचं गाव पांढरकवड्याच्या पलीकडे, रानाला लागून. कपाशीची ती वाईट वर्षं. अळी मरता मरत नव्हती. पाटील दुकानातून नवं औषध आणायचा, त्यात आणखी एक मिसळायला सांगायचा. त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा वर मारायचा आणि खाली आपल्याच तोंडावर घ्यायचा. माझा नवरा सुखदेव पेट्रोलचा पंप पाठीवर घेऊन आत शिरला की दिसायचा नाही, नुसता पंपाचा आवाज फिरत राहायचा. मी ड्रममध्ये पाणी भरायची, औषध ओतायची, काडीनं ढवळायची. काडी हाताशी नसली तर हातानंच.

त्या दुपारी पंपाचा आवाज एकाच जागेवरून येऊ लागला.

मी हाक मारली. पुन्हा मारली. कपाशी दोन्ही हातांनी सारत आत घुसले. सुखदेव गुडघ्यांवर बसला होता. पाठीवर पंप तसाच धडधडत होता. तोंडातून लाळेची तार, अंग घामानं निथळलेलं, मांड्या थडथड उडत होत्या. डोळे मात्र सताड उघडे.

"आंधार काऊन झाला वं?" तो म्हणाला.

ऊन डोक्यावर होतं.

मी पंप ओढून काढला आणि पाण्यासाठी बांधाकडे पळाले. बांधावर पाटलीनबाईची कळशी भरलेली होती. हाताच्या अंतरावर. मी तिला हात लावला नाही. नवरा मरत होता आणि मी निंबावरचा डबा काढायला धावले, विहिरीवर जाऊन भरला, मग परत आले. त्याच डब्यानं त्याचे डोळे धुतले. त्याच डब्यानं त्याला पाणी पाजलं. त्यानं ते तिथंच ओकून टाकलं.

ट्रॅक्टरवर घालून पांढरकवड्याला नेलं. तिथून यवतमाळला. पाटील सोबत आला. मला वाटलं, माणुसकीनं आला.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात वॉर्ड फवारणीच्या माणसांनी भरला होता. हातपाय खाटांना पट्ट्यांनी बांधलेले. "सुई देल्ली का मानूस बरळते, उठून पळते. म्हून बांधा लागते," नर्सबाई म्हणाली. सुखदेवलाही बांधलं. बांधलेल्या हाताची बोटं तरी हलतच होती, पंपाची नळी फिरवल्यासारखी. तो अजून कपाशीतच होता. बाजूच्या खाटेवरच्या माणसाचं हलणं थांबलं तशी त्याच्यावर चादर ओढली. मी सुखदेवच्या बोटांकडे बघत राहिले. ती थांबू नयेत, एवढंच मनात होतं.

एक तरुण डॉक्टर आला. "यांनी औषध घेतलं का? घाबरू नका, खरं सांगा. प्यायलेत का?"

मी नाही म्हणणार होते. पण तोंड उघडलं आणि डबा डोळ्यांपुढे आला. मीच तर पाजलं होतं.

"हो जी," मी म्हणाले. "पेले. आमी सगळेच पेतो. रोज."

मागून पाटील पुढे सरसावला.

"तिचं डोकस्कं ठिकानावर नाही, साहेब. थो दारू पेऊन फवारते. या लोकायचं असंच असते. आपन किती सांगाव?"

सुखदेवनं जन्मात दारूला हात लावला नव्हता. पाटलाला ते माहीत होतं. पोळ्याच्या सणालाही न पिणारा माणूस म्हणून बैल त्याच्याच हाती द्यायचा तो.

मग पाटील माझ्याकडे वळला. आवाज अगदी हळू, मायेनं समजवावं तसा.

"गावातच राह्याचं हाये न तुले?"

गावात घर होतं, सासू होती, पोरगी होती. मी खाटेचा लोखंडी दांडा धरला. वाटलं, गप्प बसावं. गप्प बसले तर सुखदेव दारुडा म्हणून मरेल. जगला तरी दारुडा म्हणूनच जगेल.

"दारू नाही जी," मी डॉक्टरला म्हणाले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला. "त्याहिनं जहर घेतलं नाही. त्याहिले जहर लागलं. पाटलाच्या कपाशीत. अन् जहराच्याच डब्यात पानी पाजते हे आमाले. कळशी बाटते म्हून."

शेत हसलं होतं त्यानंतर पहिल्यांदा मी जहराला जहर म्हटलं. पाटील चपला वाजवत निघून गेला. डॉक्टरनं सुखदेवचे ओले कपडे उतरवून अंग साबणानं धुवायला लावलं. मग म्हणाला, "तुमचे हात बघू." तळहाताची सालं निघालेली होती. मी ते लुगड्यात लपवले.

सुखदेव जगला. नजर धुरकट झाली. सांजेला पोरीला तो आवाजावरून ओळखतो. माझ्या बोटांना मुंग्या येतात. एवढी वर्षं त्या डब्यातलं पाणी पोटात गेलं, त्यानं आत काय केलं असेल, असं मी डॉक्टरला विचारलं होतं. सांगता येत नाही, म्हणाला. पोरगी साधी खोकली तरी मी रात्री उठून बसते.

वेचणीला बाया मिळेनात, तेव्हा पाटलाचं बोलावणं आलं. पोट होतं, गेले. जाताना घरून तांब्या भरून नेला. शेतात पोचल्याबरोबर निंबावरचा डबा काढला आणि विळ्यानं उभा चिरला.

दुपारी पाटलीनबाई कळशी घेऊन बांधावर आली. "डबा कुठी हाये?"

"फोडला म्या."

"काऊन वं?"

"जहराचा होता."

या वेळी शेत हसलं नाही.

भीती गेलेली नाही. पाटील उद्या कामावरून काढेल, वाट अडवेल, मला ठाऊक आहे. काढू दे. यापुढे माझ्या घरातला कुणीही तो पंप पाठीवर घेणार नाही. माझा हात त्या ड्रममध्ये जाणार नाही. पाणी मी माझ्या तांब्यातलं पिईन, आणि माझ्या समोर कुणी मरायला लागलं, तर सगळ्यात आधी हात घालीन तो कळशीला.