अब्दागिरीचा दांडा

"एम. ए. झालास ना? मग दांडा सरळ धर."

कारभाऱ्यांनी हे हत्तीखान्यासमोर, सगळ्या पाहुण्यांदेखत म्हटलं. लोक हसले. मी दांडा सरळ धरला. दसऱ्याची स्वारी चालली होती, ऊन रणरणत होतं, आणि ज्या सरदारांवर मी सावली धरली होती ते निवांत पान चघळत होते.

अब्दागिरी म्हणजे मानकऱ्यांवर धरायची लांब दांड्याची जरीची छत्री. धारच्या दरबारात ती धरायची चाकरी आमच्या घराण्याची. आबांचा खांदा निखळला होता. बाप अंथरुणावर असला तर मुलाने उभं राहायचं, हा रिवाज. चाकरीबद्दल राहायला दोन खोल्या. चाकरी मोडली की खोल्या गेल्या.

पण मी छत्री धरायला आलोच नव्हतो. मी मुंबईहून आलो होतो सहीसाठी. तिथल्या कॉलेजात फेलोची एक जागा निघाली होती. वर्षभर मांडूचे शिलालेख वाचायचे, त्यांवर लिहायचं, बस. त्याच्यासाठीच मी फारसी शिकलो, जिवाचं रान केलं. प्रोफेसरांनी शिफारस दिली होती. पण संस्थानातल्या उमेदवाराला संस्थानचीही लागे, आणि ती द्यायचे हेच कारभारी. मला वाटलं, एक दिवस दांडा धरला तर काय बिघडतं? मूर्ख होतो मी.

स्वारी परतल्यावर कचेरीत गेलो. तळहाताला फोड आले होते. माझे मांडूचे कागद त्यांनी उघडलेसुद्धा नाहीत. कारकुनाला म्हणाले, "लिही. हा आमच्या वंशपरंपरेच्या चाकरीतला. आज्ञाधारक आहे. दर दसऱ्याला हजर राहील, या अटीवर शिफारस."

अभ्यासाचं एक अक्षर नाही. म्हणजे मुंबईत फेलो झालो तरी दावं यांच्याच हातात. मला शिसारी आली. त्यांची, आणि माझ्या गप्प उभं राहण्याचीही.

"लिहू नका," मी म्हणालो. "ही शिफारस मला नको. आणि अब्दागिरी मी पुन्हा धरणार नाही."

कारभाऱ्यांचा आवाजही चढला नाही. "मग बापाला सांग, खोल्या रिकाम्या कर."

कारकून मागोमाग बाहेर आला. हळूच, तिथल्या माळवी-हिंदी ढंगात म्हणाला, "भिया, पाय धर ना त्यांचे, मान जाएंगे." मी थांबलो नाही.

घरी आबांना सगळं सांगितलं. ते खांदा चोळत बसले. मग विचारलं, "आता राहायचं कुठं रे?" देवासला आत्या आहे, एवढंच मी बोललो. तिच्या घरात पाय ठेवायला जागा नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी अर्ज धाडला, एकाच शिफारशीवर. तो टोपलीत जाणार, हे मला कळत होतं. जाऊ दे. पुन्हा धाडीन, दुसऱ्या कॉलेजात धाडीन, पण त्यावर सही असेल ती माझं काम वाचणाऱ्याचीच. आणि पुढच्या दसऱ्याला त्या सरदारांनी खुशाल उन्हात चालावं, नाही तर आपली छत्री आपल्या हाताने धरावी.