आंब्याखालचं गवत

अप्पा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या भावाने गवंडी बोलावला. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला विभूती लावतात आणि तसंच मातीत ठेवतात. अप्पांना रेणापूरजवळच्या आमच्या शेतात, त्यांच्या आंब्याखाली ठेवलं होतं. आषाढ चालू होता. काळी माती भिजून जड झाली होती आणि खड्ड्यावरचा ढीग रोज थोडा थोडा खचत होता.

"डुकरं उकरतेत अक्का," भाऊ म्हणाला. "वरून स्लॅब टाकू, फरशी बसवू. एकदाच काम होऊन जाईल."

"स्लॅब नाही," मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की गवंडी टेप गुंडाळून बांधावर जाऊन बसला.

भावाचं काही चुकत नव्हतं. चूक माझी होती आणि ती त्याला ठाऊक नव्हती. अप्पा शेवटचे सात महिने माझ्याकडे नांदेडला होते. दवाखाना जवळ पडतो म्हणून मीच हट्टाने आणलं होतं. विष्णुपुरीच्या रस्त्याला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमध्ये खाट, खाटेवर अप्पा, आणि अप्पांच्या डोळ्यांसमोर दिवसभर स्लॅब. आयुष्य उघड्यावर काढलेला माणूस पंख्याच्या कडीपासून निघालेली एक बारीक चीर बघत पडून असायचा. रोज त्यांचं एकच मागणं असे. "बाई, एकदा आंब्याखाली नेऊन बसव मला." आणि रोज माझं एकच उत्तर. "अंगात ताकद येऊ द्या अप्पा, मग जाऊ." दारात गाडी होती, तीन तासांचा रस्ता होता, शाळेतल्या रजा शिल्लक होत्या. मी नेलं नाही. शेवटी नेलं आणि बसवलंही, पण मातीत. हे मला आजही कुणाशी बोलता येत नाही, लिहिता तेवढं येतं.

तेव्हा गवंड्यासमोर मी यातलं काहीच सांगितलं नाही. आई मात्र खाली बसल्या बसल्या म्हणाली, "ह्यांच्या अंगावर दगड नगं. हिरवं कायतरी राहू दे."

"आंब्याखाली? तितं काय उगवतंय माय?" भाऊ म्हणाला.

खरंच होतं ते. अप्पांनीच कोय पुरून वाढवलेला तो गावरान आंबा, फांद्या डोक्याला लागतील इतक्या खाली आलेल्या. त्याच्याखाली भर दुपारीसुद्धा उन्हाचा कवडसा दिसायचा नाही. जन्मात तिथे ना तूर आली ना तण आलं. पण मी हट्टाला पेटले होते. म्हणाले, मी लॉन लावते. भावाने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं आणि म्हणाला, "वर्षाच्या पुण्यस्मरणापर्यंत थांबतो. न्हाई उगवलं तर मग मी कुणाचं ऐकणार न्हाई."

शेत त्याचं होतं. मी लग्न होऊन गेलेली, हक्कसोड लिहून दिलेली. त्याने वर्ष दिलं हेच खूप होतं.

दसरा झाल्यावर नांदेडच्या एका नर्सरीतून मी लॉनचे पट्टे आणले. चांगले बोटभर जाड, मऊ, गादीसारखे. चार खाटा मावतील एवढ्या जागेत ते अंथरले, पाणी दिलं, आणि मागे सरून बघितलं तर डोळे निवले. आई त्या वेळी आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या घरातून, चालत आली. तिने वाकून कडेचा एक धागा ओढला. बारीक, गाठीगाठीचा, प्रत्येक गाठीला मूळ फुटलेलं. तिने तो चिमटीत धरून उजेडाकडे केला.

"अगं बाई," ती म्हणाली, "ही तर हराळी हाय!"

मी तो धागा तिच्या हातून घेऊन बघितला. हराळीच होती. शहरात राहून थोडी बारीक, नाजूक झालेली, पण जात तीच. अप्पांनी जन्मभर जिच्याशी वैर धरलं ती. उन्हाळ्यात रान नांगरलं की ते कुदळ घेऊन हराळीच्या काशा खणत बसायचे, आणि मी मागे टोपली घेऊन त्या जमिनीतल्या पांढऱ्या मुळ्या वेचायचे. एक गाठ मातीत राहिली तरी पावसात पुन्हा वाफा भरतो, म्हणून ते माझी टोपली भरल्यावरसुद्धा मागे फिरून माती चाळायचे. एखादी सुटलेली काशी सापडली की नुसते माझ्याकडे बघायचे. ते बघणं मारापेक्षा वाईट असायचं. आणि मी पदरचे पैसे घालून तीच आणली होती, आणि आणून त्यांच्याच अंगावर पसरली होती.

आई हसायला लागली. अप्पा गेल्यापासून पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून हसता हसता रडली, आणि मीही.

संक्रांतीपर्यंत ती हराळी मेली. आधी लांबट झाली, मग पिवळी पडली, मग मातीत दिसेनाशी झाली. "ह्यांना जी जन्मात मारता आली न्हाई," आई म्हणाली, "ती आंब्यानं मारली बघ." मला मात्र हसू आलं नाही. निम्मं वर्ष गेलं होतं.

मी तणतणत नर्सरीत गेले. नर्सरीवाला म्हातारा माणूस. माझं सगळं बोलणं होऊ दिलं आणि मग शांतपणे म्हणाला, "ताई, तुम्ही जागा सावलीची हाय म्हणून सांगितलंच न्हाई. हे उन्हाचं गवत." मग त्याने विचारलं, "दुपारी खाली उजेडाचे ठिपके पडतेत का? किती वेळ पडतेत?"

मला सांगता येईना. मी सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. पानात अन्न कसं तयार होतं, ऊन का लागतं, हे दरवर्षी फळ्यावर आकृती काढून सांगते. आणि मी एकदाही वर बघितलं नव्हतं.

"सावलीत गवत लावायचं तर आधी वरच बघायचं," तो म्हणाला. "दिवसभर बसा तितं. मग या."

म्हणून माघातल्या एका रविवारी मी दिवसभर आंब्याखाली बसले. बरोबर चुन्याची डबी होती. तासातासाला उजेड जिथे पडेल तिथे बोट टेकवून खूण करायची, एवढंच काम. आई शेजारी, अप्पांच्या डाव्या अंगाला बसली होती. सकाळी पूर्वेकडून ऊन यायचं ते दोन खालच्या फांद्यांवर अडायचं. दिवस मावळेपर्यंत माझ्या खुणा झाल्या अकरा, त्याही सगळ्या कडेकडेला. सात महिने ते माझ्या हॉलमध्ये होते तेव्हा मी त्यांच्याजवळ असा एक दिवस बसले नव्हते. शाळा, तपासायचे पेपर, औषधांच्या वेळा. ते आईला सांगितलं. आंब्याखाली न्यायचं राहिलं तेही सांगितलं. तिने माझ्या हातातली चुन्याची डबी घेतली, झाकण लावलं आणि बाजूला ठेवली.

दोन फांद्या काढल्या तर भागणार होतं. पण आंब्याला मोहोर आला होता.

"मोहोराला कुऱ्हाड लावायची?" भाऊ म्हणाला. "अप्पांनी लावू दिली असती का? खरं सांग."

खरं सांगायचं तर नसती लावू दिली. आई उठली, हातातली काठी वर केली आणि पूर्वेकडच्या त्या दोन फांद्यांना एकेक करून टेकवली. "ही अन् ही. बाकीच्याला हात लावू नका," ती म्हणाली. भावाने कुऱ्हाड आणली. प्रत्येक फांदी तोडण्याआधी त्याने हात जोडले, तोडून झाल्यावर कापलेल्या जागी शेण-माती लिंपली, आणि मोहोराचे डहाळे उचलून अप्पांवर ठेवले. तेव्हा मला त्याच्या फरशीचा राग उरला नाही.

नर्सरीवाल्याने या वेळी रुंद पानांचं, गडद हिरवं गवत दिलं. मुळासकटचे लहान लहान ठोंब, वितीवितीच्या अंतराने लावायचे. काळ्या मातीत वाळू आणि मुरलेलं शेणखत कालवायचं. कमी पाणी घालायचं, कारण सावलीत माती लवकर वाळत नाही आणि मुळं कुजतात. कापायचं नाही, उंच राहू द्यायचं. आणि गळालेली आंब्याची पानं रोज उचलायची, नाहीतर होता तेवढा उजेडही जाईल. मी हे सगळं वहीच्या कागदावर लिहून आखाड्याच्या भिंतीला चिकटवलं आणि नांदेडला परत आले. दर दुसऱ्या रविवारी यायचं ठरवलं.

उन्हाळा आला. बोअरचं पाणी खाली गेलं. गावात टँकर सुरू झाला आणि भाऊ म्हणाला, "लोकांना प्यायला न्हाई अन् आपण गवताला घालून राहिलो. लोकं काय म्हणतील?" आईने ते तिच्या पद्धतीने सोडवलं. तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी ती एका बादलीत साठवायची. सकाळी तांब्यातांब्याने नेऊन प्रत्येक ठोंबाला ओंजळ ओंजळ घालायची. मग पानं वेचायची. मग दमली की अप्पांच्या डाव्या अंगाला बसायची, ऊन डोक्यावर येईपर्यंत.

गवत धरलं. आधी विश्वास बसला नाही. ठोंबांना धुमारे फुटले, ते एकमेकांकडे सरकले आणि मृगाच्या आसपास खालची माती झाकून गेली. उन्हातल्या लॉनसारखं ते दाट नव्हतं. थोडं विरळ, थोडं उंच, पण हिरवं, आणि अप्पांवर पसरलेलं. फक्त एका ठिकाणी ते येत नव्हतं. पाटाएवढी एक जागा, गुळगुळीत, उघडी. आई बसायची तीच.

मी तिला दर खेपेला रागवायचे. "आई, तुला सांगितलं ना, तुडवलं की सावलीतलं गवत पुन्हा येत नाही. एवढं शेत पडलंय, जरा सरकून बस ना."

"बरं बाई," ती म्हणायची. पुढच्या खेपेला जागा तशीच असायची.

पुण्यस्मरणाच्या आदल्या दिवशी मी नर्सरीतून पोत्यात दहा-बारा ठोंब घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पाहुणे यायचे होते, भावाने गवंड्यालाही निरोप दिलेला होता, आणि मला एवढीशीही मोकळी जागा ठेवायची नव्हती. भाऊ आधीच आंब्याखाली उभा होता. हात मागे बांधून त्याने गवताभोवती एक फेरी मारली, वाकून तळहात फिरवला आणि मोबाईल काढून गवंड्याला म्हणाला, "नका येऊ. गरज न्हाई आता." मला म्हणाला, "जमवलंस अक्का." बस, एवढंच.

मी खुरपं घेऊन त्या उघड्या जागेपाशी बसले आणि माती उकरायला सुरुवात केली. आई आखाड्याकडून घाईने आली. काठी टेकत, पण जवळजवळ पळतच.

"तितं लावू नको," ती म्हणाली.

"अगं, उद्या लोक येतील. एवढंच राहिलंय."

"राहू दे." तिने माझ्या हातावर हात ठेवला. "ती माझी जागा हाय बाई. आज गवत लावशील, अन् परत उकरावं लागंल."

भाऊ पाठ फिरवून बांधाकडे निघून गेला. मी हातातलं खुरपं खाली ठेवलं. उकरलेली माती तळहाताने परत सारखी केली, आणि वर्षभर मी तिला तिथून उठवत होते हे आठवून मला माझी लाज वाटली. आई माझ्या आधाराने खाली बसली, नेहमीच्या जागी, नेहमीसारखी मांडी घालून. उरलेले ठोंब मी आखाड्याच्या मागे नळापाशी लावून टाकले.

त्यालाही आता दोन उन्हाळे झाले. मी दर दुसऱ्या रविवारी पहाटेच्या बसने निघते. गवत चांगलं आहे, त्याच्याकडे फारसं बघावं लागत नाही. त्याचे धुमारे चारी बाजूंनी त्या पाटाएवढ्या जागेकडे येतात आणि कडेलाच थांबतात, कारण ती रोज तिथे बसते. तिचं बसणं थांबलं की महिनाभरात ते आत शिरतील, हे मला विज्ञानाच्या पुस्तकाशिवायही कळतं. फाट्यावर उतरून मी बांधाने चालत येते. आंबा दिसला की पाय आपोआप भरभर पडायला लागतात. आधी ती जागा उघडी आहे का ते बघते, आणि मग आईला हाक मारते.